चौकशी करणं शिकावं लागतं: सोलापूर जिल्ह्यातल्या मदत संस्थांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

सोलापूर जिल्ह्यात पूर, दुष्काळ, आग, साथ काहीही आलं की धावून जाणाऱ्या सर्व संस्थांचे विश्वस्त, अध्यक्ष आणि सचिव यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पावसाळ्याच्या तयारीची बैठक झाली. मी मागच्या रांगेत बसले होते. बोटी कुणाकडं किती, ताडपत्र्या कुठून घ्यायच्या, कोरडा शिधा किती दिवसांचा भरायचा, सगळं नीट ठरलं. स्वयंसेवकांना काय शिकवायचं तेही ठरलं: प्रथमोपचार, दोराच्या गाठी, पाण्यात क्लोरीन किती टाकायचं, ड्रोन. यादीत सर्वांत शेवटी एक विषय होता. मदतकार्यात आपल्याच माणसाकडून बाईचं किंवा लेकराचं लैंगिक शोषण झाल्याची तक्रार आली, तर तिची चौकशी कशी करायची याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. विषय वाचून पुरा व्हायच्या आत कुणीतरी म्हणालं, "हे राहू द्या हो. आपल्याकडं असलं काही नसतं." तेवढ्यात चहा आला आणि पुढं सरकलं सगळं.

तो विषय यादीत मी घातला होता. तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर स्वतःचीच गोष्ट सांगावी लागली असती. ती आता सांगते.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, जखमींना सोलापूरच्या दवाखान्यांत आणत होते, तेव्हा आम्ही कॉलेजची पोरं पाण्याच्या बाटल्या आणि चादरी घेऊन वॉर्डात फिरत होतो. तिथून सुरू झालेलं हे काम अजून चालू आहे. म्हणजे मी नवखी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीला पुणे रस्ता बंद झाला, माढा-मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली, तेव्हा मी एका संस्थेबरोबर नदीकाठच्या कानडी बोलणाऱ्या एका गावात कीट वाटत होते. तांदूळ, पीठ, तूरडाळ, तेल, चटणी-मीठ, मेणबत्त्या, पॅडचं पाकीट आणि एक चादर. सोलापूरचं कीट, चादर असणारच.

पाणी ओसरल्यावर तिथं एका घरापुढच्या दोरीवर धुण्याच्या जागी कागद वाळत घातलेले होते. रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, पोराचा शाळेचा दाखला, एकेकाला दोन-दोन चिमटे लावलेले. त्या घरातली बाई तिशीची असेल, नवरा पुण्याकडं कामाला. तिनं मला देवळाच्या मागं नेलं आणि मोडक्या मराठीत सुरुवात केली. आमच्यातल्या एका मुलाकडं यादी होती. दोन वेळा तिचं नाव गळलं. यादीतल्या रकान्यातून त्यानं तिचा नंबर घेतला होता आणि रात्री फोन करत होता. "यादी उद्या वर जाणार. नाव चढवायचं असंल तर गोदामाकडं ये." ती गेली होती. इथपर्यंत सांगून तिनं हातातल्या रिकाम्या पोत्याची शिवण उसवायला सुरुवात केली. सुतळीचा एक-एक टाका ओढत राहिली आणि बोलणं कानडीत गेलं.

मला कानडी येत नाही. मी तिच्या जावेला हाक मारली.

आता मी काय-काय केलं ते वाचा, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असतं. जावेच्या मार्फत मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस? ओरडली का नाहीस?" ती खाली मान घालून एकच वाक्य बोलली आणि जाऊ म्हणाली, "काही नाही म्हणते." दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत मी तिला आणि त्या मुलाला समोरासमोर बसवलं. साक्षीला गावातली चार मोठी माणसं. मुलानं देवाची शपथ घेतली. तिनं भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत सगळं नाकारलं. मी एक पानी अहवाल लिहिला, माझ्याच अक्षरात: "तक्रारदार महिलेने स्पष्ट असे काही सांगितले नाही. गैरसमजातून प्रकार घडल्याचे दिसते." मग आम्ही सगळे म्हणालो, मिटलं.

पूर संपल्यावर त्या मुलाला अनुभवपत्र मिळालं. त्यात "मनमिळाऊ" असा शब्द आहे. सध्या तो दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेत आहे. बाई माहेरी गेली, कारण जावेनं गावभर केलं होतं. आणि ते वाक्य? ते माझ्या कानात राहिलं होतं. पुढं कधीतरी एका कानडी मैत्रिणीला म्हणून दाखवलं. "यारिगू हेळब्याड्री, अक्का." कुणाला सांगू नका, अक्का. मी तोपर्यंत पाच जणांना बोलावलं होतं.

माझा हेतू वाईट नव्हता. त्या चार माणसांचाही नव्हता. प्रथमोपचार न शिकलेल्या माणसानं मोडलेला पाय ओढून सरळ केला तर त्याचाही हेतू वाईट नसतो. म्हणून त्या बैठकीत जे झालं ते मला मुकाट्यानं सोडवत नाही.

"आपल्याकडं नसतं" हे पहिलं. हे वाक्य आपल्याआधी बऱ्याच मोठ्या लोकांनी म्हणून झालंय. 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधून अहवाल आला की धान्य वाटणारेच धान्याच्या बदल्यात पोरींचं शोषण करतायत. त्यानंतर, ऑक्टोबर 2003 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढला: पैसा, नोकरी, वस्तू, मदत यांच्या बदल्यात शरीरसंबंध बंद, 18 वर्षांखालच्यांशी कुठल्याही सबबीवर बंद, "मला वाटलं ती मोठी आहे" ही सबबसुद्धा चालणार नाही, आणि नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक. तरी हैतीत 2010 च्या भूकंपानंतर ऑक्सफॅम या ब्रिटिश मदत संस्थेच्या माणसांचे लैंगिक गैरवर्तनाचे प्रकार घडले. 2011 मध्ये अंतर्गत चौकशी झाली, काहींना काढलं, तिथल्या प्रमुखाला मात्र राजीनामा देऊन जाऊ दिलं. तो पुढं बांगलादेशात दुसऱ्या मदत संस्थेत रुजू झाला. हे सगळं जगाला कळलं 2018 मध्ये. माझ्या "मनमिळाऊ" अनुभवपत्राची आठवण मला इथं येते. काँगोत इबोलाच्या साथीत नोकरीचं आमिष दाखवून बायकांचं शोषण झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या स्वतंत्र आयोगाच्या सप्टेंबर 2021 च्या अहवालात 83 संशयित आहेत, त्यातले 21 खुद्द संघटनेनं नेमलेले.

परदेशातली उदाहरणं नको असतील तर मुझफ्फरपूर घ्या. बिहारमधलं ते मुलींचं निवारागृह एक संस्थाच चालवत होती, सरकारी पैशावर. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकानं बिहारभरच्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि 2018 मध्ये अहवाल दिला, तेव्हा तिथं मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार बाहेर आले. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं संस्थाचालकाला जन्मठेप दिली. मुलींच्या हिताची राखण ज्या बाल कल्याण समितीकडं होती, तिचा तेव्हाचा अध्यक्षसुद्धा दोषींमध्ये होता. मला त्यातून एवढंच दिसतं की तपासणीची वही सगळ्यांकडं असते, पण मुलींपाशी बसून त्यांचं ऐकून घेणारी माणसं आली तेव्हाच मुली बोलल्या. ऐकायचं कसं, हे शिकलेली माणसं होती ती.

दुसरं, कायद्याचं. त्या मुलाबद्दल मला आमच्या कार्यालयातून सांगण्यात आलं होतं, "तो आपला कर्मचारी नाही, स्वयंसेवक आहे. आणि ती बाईही आपली कर्मचारी नाही." मी ते मान्य केलं. नंतर 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. (याच विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा, आणि मी वाचला 2025 मध्ये. हसू नका, तुम्ही कधी वाचला ते आठवा.) त्यात कर्मचारी म्हणजे मानधन घेऊन किंवा न घेता, स्वेच्छेनं काम करणाराही आला. कामाची जागा म्हणजे न्यास, सोसायटी, स्वयंसेवी संस्था, आणि कामानिमित्त जिथं-जिथं जाल तीही जागा आली, गाडीसुद्धा. आणि पीडित महिला म्हणजे कुठल्याही वयाची, तिथं नोकरीला असो वा नसो. हे शब्द कायद्यातले आहेत.

त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी प्रशिक्षण घेणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. मालक म्हणजे आपल्या बाबतीत तुम्ही. तेव्हा बैठकीत जो विषय चहाबरोबर गेला, तो तुमच्या मर्जीवर नव्हताच.

मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा. तिथं आपण चौकशी करत बसायचंच नाही, पोलिसांना कळवायचं. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा प्रकार दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "मी नुसता सह्या करणारा अध्यक्ष आहे" असं म्हणणाऱ्या काकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तिसरं, समित्यांचं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे म्हणून समित्या झाल्यात. पण कशा? मी स्वतः दोन समित्यांवर होते. बाहेरची सदस्य कुणाची तरी वहिनी. बैठक एकदा, फोटोपुरती. तक्रार आल्यावर समिती कागदावरून उठून खुर्चीत बसते आणि मग माझ्यासारखी बाई, जिला चौकशीची चही माहीत नाही, ती निकाल लावते. छोट्या संस्थांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. 2024 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या, तालुक्याला नोडल अधिकारी हे सगळं मुदत घालून नेमायला सांगितलं. आपल्यापैकी किती जणांच्या कार्यालयात त्या समितीचा पत्ता भिंतीवर लावलेला आहे? मी ज्या तीन ठिकाणी गेले तिथं कॅलेंडर होतं, देवाचा फोटो होता, देणगीदारांची नावं होती.

चौथं म्हणजे भाषा. हे सोलापुरात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं? विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत तेलुगू, अक्कलकोट-दक्षिणकडं कानडी, मोहल्ल्यात दखनी, तांड्यावर गोरमाटी. आणि आपली तक्रारपेटी शुद्ध मराठीत, तीही कार्यालयाच्या आत, शिपायाच्या टेबलाशेजारी. जिला तक्रार करायची तिनं शिपायाला सांगून आत यायचं. दुभाषा म्हणून जाऊ, नणंद, सरपंचाची बायको किंवा शाळेत जाणारं पोर उभं करायचं. माझ्या चुकांमध्ये ही सर्वांत मोठी आहे, म्हणून हे जास्त जोरात लिहितेय. दुभाषा गावातला नको, नात्यातला नको, आणि गुप्ततेच्या कागदावर त्याची सही आधी हवी.

मग त्या दोन दिवसांत शिकवतात काय, असा प्रश्न बैठकीनंतर मला एकानं जिन्यात विचारला. सांगते. चांगल्या प्रशिक्षणात पहिला धडाच असा की तक्रार ऐकणारा, चौकशी करणारा आणि निर्णय घेणारा ही तीन वेगळी माणसं असतात. गावात जिच्या कानावर पहिल्यांदा येतं तिनं फक्त ऐकायचं, "तू सांगितलंस, बरं केलंस" म्हणायचं, तिच्या शब्दांत चार ओळी लिहायच्या आणि ठरलेल्या माणसाला कळवायचं. खोदून विचारायचं नाही. मी देवळामागंच थांबायला हवं होतं.

मग बाईची सुरक्षितता. यादी अजून त्याच्याच हातात आहे का? त्याला आधी त्या कामावरून बाजूला करा, आरोप जाहीर न करता. तिला दवाखाना, पोलीस, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी सखी केंद्र, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील, सगळे रस्ते सांगा. मोठ्या बाईच्या बाबतीत कुठल्या रस्त्यानं जायचं ते ती ठरवेल.

चौकशीचा क्रम असतो: आधी ती, मग साक्षीदार, ज्याच्यावर आरोप तो शेवटी. समोरासमोर कधीच नाही. विचारणारी एक, लिहिणारी दुसरी. प्रश्न कसे? "त्यानं हात धरला का?" असं नाही विचारायचं, कारण उत्तर आपणच तिच्या तोंडात घालतो. "मग पुढं काय झालं?" एवढं विचारून गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत अवघड आहे. एका सरावात मला वीस सेकंद गप्प बसवेना. "का नाही" हा शब्द तर बादच. लिहिलेलं तिच्या भाषेत तिला वाचून दाखवायचं, चुकलं असेल ते तिच्याकडून दुरुस्त करून घ्यायचं.

पुरावा म्हणजे कुणी डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे असं नसतं. वाटपाच्या यादीत कुठं खाडाखोड झाली, कुणाचं नाव कधी गळलं आणि कधी परत आलं, कोणत्या रात्री गोदामाची किल्ली कुणाकडं होती, फोनच्या नोंदी, गाडीची वही. आमच्या त्या यादीत तिचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा वेगळ्या शाईनं लिहिलेलं होतं. ती यादी माझ्या पिशवीतच होती. मी बघितली नाही, कारण बघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आणि संस्थेच्या चौकशीत पोलिसी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त, यावर निर्णय होतो. शिवाय केवळ सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे 2013 च्या कायद्यात स्पष्ट आहे. मिटवायचं असेल तर तेही फक्त बाईनं स्वतः म्हटल्यावर, आणि पैशाच्या बदल्यात कधीच नाही. आम्ही मिटवलं तेव्हा तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

यात त्या मुलावरही अन्याय होता, असं म्हटलं तर काहींना आवडणार नाही. त्याला आरोप नेमका काय ते लेखी मिळालं नाही, उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, शपथ घ्यायला लावली. उद्या एखाद्या निर्दोष पोरावर कुणी खार खाऊन आळ घेतला तर त्यालाही सुटायला रस्ता नाही. गावात कुजबुज होईल, चार जण मारतील, संपलं. नीट चौकशी त्याच्याही कामाची आहे.

खर्चाचं म्हणाल तर एका बोटीच्या भाड्याइतकाही नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

मागण्या अशा आहेत.

पाऊस लागायच्या आत हे प्रशिक्षण घ्या. प्रत्येक संस्थेतून किमान दोन माणसं, त्यातली एक बाई, आणि शक्यतो कानडी किंवा तेलुगू येणारी. उरलेल्या सगळ्या स्वयंसेवकांना, ड्रायव्हर आणि हमालांसकट, दोन तास: काय चालत नाही आणि कळवायचं कुणाला.

दर संस्थेनं आपापली चौकशी आपणच करायची हे बंद करा. जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून आठ-दहा शिकलेल्या चौकशीकर्त्यांचा एक गट करा. माझ्या संस्थेची तक्रार दुसऱ्या संस्थेची माणसं बघतील, तुमच्या संस्थेची आम्ही.

यादी एका माणसाच्या हातात देऊ नका. दोघं, त्यात एक बाई. नाव गळलं तर का गळलं ते यादीवर लिहा, आणि यादी गावात चिकटवा. फोन नंबरचा रकाना चिकटवलेल्या प्रतीत नको, स्वयंसेवकाच्या प्रतीतही नको. अंधार पडल्यावर वाटप नाही.

प्रत्येक कीटमध्ये एक चिठ्ठी टाका, चार भाषांत आणि चित्रांत: ही मदत फुकट आहे, कुणी बदल्यात काही मागितलं तर या नंबरवर सांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी तेच वाक्य वाटपाच्या वेळी भोंग्यावरून, त्या गावच्या भाषेत. 112 (तातडीची मदत), 181 (महिला) आणि 1098 (मुलं) हे नंबरही चिठ्ठीवर असू द्या.

माणूस घेताना आधीच्या संस्थेला फोन करून सरळ विचारा, याच्याविरुद्ध तक्रार होती का. आणि विचारलं तर खरं सांगा. अनुभवपत्रात खोटी विशेषणं घालणं थांबवा. मीही थांबवलंय.

जुन्या "मिटलेल्या" तक्रारी पुन्हा काढा. प्रत्येकाच्या कपाटात एखादा एक पानी कागद असेल. माझा कागद मी संस्थेकडं परत दिलाय, वर लाल शाईनं "ही चौकशी चुकीची झाली" असं लिहून, खाली सही करून. तो मुलगा जिथं काम करतो त्या संस्थेलाही कळवलंय की त्याच्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी नीट झालेली नव्हती. बाईपर्यंत निरोप मी थेट पाठवलेला नाही. आधी कुणाकडून आणि कसा पाठवावा हे जाणकार बाईला विचारतेय. या वेळी घाई करणार नाही.

हे पत्र उघड लिहिलंय पण खाली नाव घातलेलं नाही. माझ्या नावावरून संस्था कळेल, संस्थेवरून गाव, आणि गावावरून ती. ज्यांना उत्तर द्यायचंय त्यांना मी कोण ते माहीत आहे. त्या बैठकीत मागच्या रांगेत, पंख्याखाली बसले होते. पुढची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. तो विषय मी पुन्हा देतेय, आणि या वेळी यादीत पहिला.

आपली,
एक जुनी कार्यकर्ती
सोलापूर